पाण्याच्या नकाशावरचं नाव

"वापरतं कोण, ते आधी सांगा."

पाणीपुरवठ्याच्या त्या जुन्या इमारतीत बाईंचं हे वाक्य सगळ्यांना पाठ होतं. कुणी नव्या सॉफ्टवेअरची मागणी घेऊन आलं, की बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या, समोरच्याला खुर्ची द्यायच्या, पाणी द्यायच्या आणि सगळं ऐकून झालं की एवढंच विचारायच्या. किंमत किती, सवलत किती, शेजारच्या शहरानं काय घेतलं, ते सगळं नंतर. समोरचा म्हणायचा, "सगळेच वापरतील, मॅडम." बाई म्हणायच्या, "सगळे म्हणजे कोण? एकाला हाताला धरून आणा." तो आणायला म्हणून जायचा आणि बऱ्याचदा परत यायचाच नाही.

खरेदी खात्यात बाकीचे लोक पाइप घ्यायचे, पंप घ्यायचे, पाण्यात टाकायची पावडर घ्यायचे. बाई घ्यायच्या ती वस्तू हातात धरता येत नव्हती. पाइप ठोकून बघता येतो, पंप सुरू करून त्याचा आवाज ऐकता येतो. सॉफ्टवेअर तर विकतही मिळत नाही, मिळते ती वापरायची परवानगी. तिला लायसन्स म्हणतात. दर माणसामागं एक घ्यायचं, दरवर्षी पैसे भरायचे, आणि भरणं थांबलं की दार बंद.

बाईंचं माहेर शेतीचं. लहानपणी त्यांच्या गावात मळणीचं मशीन भाड्यानं यायचं. मशीन खळ्यात उभं राहिलं की मालक भाडं मोजायला लागायचा, मग त्यात धान्य पडो न पडो. बाईंची आई खळं सारवून, पेंढ्या रचून, माणसं उभी करून मगच मशीनला बांधावरून आत घ्यायची. मालक चिडायचा. आई त्याला ताक द्यायची आणि बांधावरच बसवायची. बाई पुढं शिकल्या, पदवी घेतली, मोठमोठ्या कंपन्यांच्या माणसांशी करार केले. तरी वाटाघाटीला बसल्या की त्यांच्या चेहऱ्यावर त्या आईची छाया यायची. घाई नाही, राग नाही, आणि बांधावरून आत घेणंही नाही.

त्यांची एक रीत होती. कुठल्याही कराराचं वर्ष संपत आलं, की बाई एक बुटकं स्टूल काखोटीला मारून खात्याखात्यांत फिरायच्या. लोकांच्या शेजारी स्टूल टाकून बसायच्या आणि बोलायच्या काही नाहीत, नुसते हात बघायच्या. कोण कुठलं बटण दाबतो, कुठं अडतो, कुठं उसासा टाकतो. बिलं काढणारा एक कारकून भारीतलं सॉफ्टवेअर उघडून बसायचा आणि त्यात फक्त आजची तारीख बघायचा. भांडारातल्या बाईसमोर पडदाभर आकडे असायचे आणि बेरीज मात्र ती बोटांवर करायची. बाईंनी त्या कारकुनाचं लायसन्स बंद केलं, त्याच्या भिंतीवर एक कॅलेंडर लावलं. भांडारवालीला शिकवायला विकणाऱ्या कंपनीचाच माणूस फुकट बोलावला आणि ती बोटं सोडेपर्यंत त्याला हलू दिलं नाही. कोणाचं काढायचं आणि कोणाला शिकवायचं, ते बाईंना त्या स्टुलावर बसून कळायचं. कारकून अजून ते कॅलेंडर दाखवून सांगतो, "शहरातलं सगळ्यात महाग कॅलेंडर."

असं हे त्यांचं काम. आणि त्यांचा नवरा मात्र जमिनीखालचा माणूस.

त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे. शहराच्या पोटातून पाण्याच्या ज्या वाहिन्या गेल्या आहेत, त्यांचे व्हॉल्व उघडणं आणि बंद करणं, फुटलेली वाहिनी शोधणं, ती बंद करून खणणं, हे मिस्त्रींचं आयुष्यभराचं काम. रस्त्यावर कान लावून पाणी कुठं गळतंय ते ओळखणारा माणूस. घरी आल्यावर बायकोला म्हणायचे, "काय गं, आज किती हवा विकत घेतलीस?" बाई म्हणायच्या, "तुमच्या चिखलापेक्षा बरी. धुवावी तरी लागत नाही."

दोघं एकाच संस्थेत, पण एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही, हा दोघांत न बोलता ठरलेला नियम होता. बाई सगळ्या इमारतीत फिरल्या, पण गाड्यांच्या अंगणात, मिस्त्रींच्या टोळीत, त्यांचं स्टूल कधी गेलं नाही. बायको नवऱ्यावर पाळत ठेवते असं कुणी म्हणायला नको.

जमिनीखालच्या वाहिन्यांचा नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर आलं तेव्हा मिस्त्रींनी आधी तोंड वाकडं केलं होतं. "मला रस्ता माहीत आहे, हा पडदा काय मला रस्ता दाखवणार?" पण नकाशावर बोट ठेवलं की तिथं आपल्या मनातलं लिहून ठेवता येतं, हे त्यांना कुणीतरी दाखवलं, आणि मग मिस्त्रींना नादच लागला. दुपारच्या सुट्टीत गाडीत बसून एका बोटानं लिहायचे. ज्या गोष्टी कुठल्याही कागदावर नव्हत्या, नुसत्या त्यांच्या डोक्यात होत्या, त्या एकेक करून नकाशावर उतरल्या. कुठला व्हॉल्व डांबराखाली गाडला गेलाय, कुठला सायकलच्या दुकानाच्या फळीखाली आहे, कुठल्या घराच्या म्हातारीला आधी हाक मारावी लागते, नाहीतर ती कुत्रा सोडते.

मग मिस्त्री निवृत्त झाले. हार झाला, भाषणं झाली, टोळीनं एक आरामखुर्ची दिली. खुर्चीत मिस्त्री फार वेळ बसले नाहीत. सकाळी उठून बागेतल्या नळाचा वायसर बदलायचे, संध्याकाळी तोच काढून पुन्हा बसवायचे. बाई हसायच्या. सगळं छान चाललं होतं.

त्या वर्षी याच नकाशाच्या सॉफ्टवेअरचा करार संपत आला. विकणाऱ्या कंपनीचा माणूस आला. तो सारखा हसायचा म्हणून कचेरीत त्याचं नावच हसरा पडलं होतं. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या कंपनीचं वर्ष त्याच महिन्यात संपत होतं, आणि त्याआधी करार पदरात पडला नाही तर त्याचं हसू अवघड होतं, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी त्याला चहा पाजला, बसवला, पुन्हा बोलावलं, पुन्हा चहा पाजला. तो तीन वर्षांचा करार करा म्हणायचा. बाई म्हणायच्या, "एकच वर्ष. आम्ही वर्षाच्या वर बांधून घेत नाही." त्यांचा हा अभिमानाचा मुद्दा होता. कुणाशीही वर्षाच्या वर बांधायचं नाही, म्हणजे दरवर्षी समोरच्याला दार वाजवावं लागतं. शेवटी हसरा नमला. भाव उतरला, नको ते भाग गेले आणि जी नावं कामाची नव्हती ती कापायचं ठरलं. कागद मोठ्या साहेबांच्या सहीसाठी गेला. साहेबांनी तर सही करायच्या आधीच संचालकांच्या बैठकीत बचतीचा आकडा सांगून टाकला, आणि बाईंचं नाव घेऊन कौतुक केलं.

त्या संध्याकाळी बाई खुशीत घरी आल्या. जेवताना म्हणाल्या, "अहो, एक गंमत सांगू? आज मी तुमचं नाव कापलं."

"कुठून?" मिस्त्रींनी विचारलं.

"नकाशातून. निवृत्त होऊन घरी नळ पिळत बसलायत, आणि तुमच्या नावानं आम्ही अजून पैसे भरतोय. गेलेल्यांची सगळी नावं काढली. नवा करार लागू झाला की ती खाती बंद."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. आत जे काही असेल ते पुसून टाकतात."

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. मग ते हसले, बरोबर हसावं तेवढंच हसले, आणि म्हणाले, "बरं केलंस." पण जेवण अर्ध्यावर टाकून हात धुवायला उठले.

कारण बाईंना माहीत नसलेली एक गोष्ट होती. मिस्त्रींनी जे लिहिलं होतं ते सगळं त्यांच्या स्वतःच्या खात्यात होतं. सगळ्यांना दिसेल असं कसं लिहायचं, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या नावानं आत शिरलं तरच त्या खुणा दिसायच्या. म्हणून निवृत्तीच्या दिवशी, गळ्यात हार असताना, त्यांनी आपला पासवर्ड टोळीला देऊन टाकला होता. टोळीला स्वतःची नावं होती, लायसन्स होती, पण ती कुणी उघडतच नव्हतं. वाहिनी फुटली की गाडीतला पडदा चालू व्हायचा तो मिस्त्रींच्या नावानंच. नव्या माणसाला जुन्या माणसाच्या डोळ्यांनी बघायची सवय लागली होती. आणि एकाच्या नावानं दुसऱ्यानं वापरणं हा कराराचा सरळसरळ भंग होता. विकणाऱ्या कंपनीला कळलं तर ती दंड मागू शकली असती, आणि दंड यायचा तो बाईंच्या टेबलावर.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री फिरायला जातो म्हणून निघाले ते थेट गाड्यांच्या अंगणात गेले. आता टोळीचा मुख्य होता लांबोडा. इतका उंच, की खड्ड्यात उतरला तरी डोकं रस्त्याच्या वर दिसायचं. मिस्त्रींनी त्याला गाडीमागं नेऊन सगळं सांगितलं.

लांबोड्यानं कपाळाला हात लावला. "मिस्त्री, मग आम्ही आंधळे झालो की!"

"ओरडू नकोस. उतरवून घ्या ना कागदावर."

"कागदावर?" गाडीच्या दारात बसलेला वेल्डर म्हणाला. "मिस्त्री, तुम्ही किती लिहिलंय माहीत आहे का? एवढं तर माझ्या बायकोनं मला सुनावलेलं नाही."

तरी त्यांनी प्रयत्न केला. एक जण वाचायला, एक लिहायला. पण नकाशावरच्या खुणेला जागा असते, कागदावर ती जागाच येईना. "कोपऱ्यापासून दोन हात" असं लिहिलं, तर कुठला कोपरा, हा वाद सुरू झाला. तेवढ्यात पावाच्या भट्टीपुढं वाहिनी फुटल्याचा फोन आला आणि वाचणारा, लिहिणारा दोघेही फावडी घेऊन पळाले.

जाताना लांबोडा म्हणाला, "वहिनींना सांगा."

"तूच सांग की."

"मी? वहिनींना?" लांबोडा गाडीत चढता चढता थांबला. "मिस्त्री, मी फुटलेल्या वाहिनीत उतरतो, पण एवढा शूर नाही मी."

मिस्त्री दिवसभर घरात येरझाऱ्या घालत राहिले. न सांगावं, तर आयुष्यभराचं सगळं पुसलं जाणार, आणि एखाद्या पहाटे अर्धं शहर चिखलात उभं राहणार. सांगावं, तर जिचं काल भर सभेत कौतुक झालं तिच्या करारात आपणच भोक पाडलं, असं होणार. आणि तिनं फसवणूक म्हटलं तर? माणसानं एवढं वय झाल्यावर बायकोला घाबरावं का, असं त्यांनी स्वतःला विचारलं. उत्तर सरळ होतं. घाबरावं.

संध्याकाळी बाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. मिस्त्री तिथं जाऊन उभे राहिले, एक चादर हातात घेतली आणि चादरीआडूनच सगळं सांगून टाकलं. पासवर्ड, टोळी, खुणा, कागद, सगळं.

मग बाईंनी चादर खाली ओढली.

"किती जणांना माहीत आहे पासवर्ड?"

"गाडीत जे बसतात त्या सगळ्यांना."

"काय आहे पासवर्ड?"

मिस्त्री चादरीची किनार चाचपू लागले.

"अहो, विचारतेय मी."

"तुझं नाव," मिस्त्री म्हणाले. "लग्नाआधीचं."

बाईंना हसू येत होतं की राग, त्यांचं त्यांनाच कळेना. त्यांनी चादरीची एक बाजू धरली, मिस्त्रींनी दुसरी, आणि दोघांनी ती घडी केली. घडी होईपर्यंत बाईंचा चेहरा बदलला होता.

"तुमच्यावर रागवायला मला वेळ नाही," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. मी सगळ्यांच्या शेजारी जाऊन बसले, तुमच्या गाडीत नाही बसले. कचेरीत बसून नावं बघितली आणि निवृत्त दिसला की कापला. मला लोकांनी काय म्हणावं याची काळजी! उद्या मी गाडीत बसणार."

आणि बसल्या. सकाळी अंगणात स्टूल घेऊन आल्या तेव्हा टोळीची पाचावर धारण बसली. लांबोड्यानं सीट फडक्यानं पुसली, तरी ती बाईंच्या साडीसारखी स्वच्छ होईना. बाई म्हणाल्या, "राहू दे, धुवायची सवय आहे मला." पावाच्या भट्टीपुढची वाहिनी पुन्हा गळत होती. बाई रस्त्याकडेला बसून बघत राहिल्या. पडदा चालू झाला, वेल्डरनं त्यांच्या माहेरच्या नावाची अक्षरं लाजत लाजत दाबली, आणि नकाशावर खुणा उगवल्या. आभाळ निवळल्यावर चांदण्या दिसतात तशा, आधी एक, मग चहूकडं. लांबोड्यानं मोठ्यानं वाचलं, "हा उलटा फिरतो. जोर लावू नका. म्हातारा आहे." मग चावी घालून त्यानं उलटी फिरवली, हळू, पेंगुळलेल्या मुलाची मान सांभाळावी तशी. रस्त्यातलं पाणी आटत गेलं. भट्टीवाला दारातून ओरडला, "इतक्यात थांबलं?" त्या रात्री जेवताना बाईंनी नवऱ्याच्या पानात स्वतःहून दुसऱ्यांदा वाढलं.

मग मिस्त्रींना कचेरीतून बोलावणं आलं. खातं त्यांच्या नावाचं, तेव्हा त्यांची संमती लागणार होती. इतक्या वर्षांच्या संसारात मिस्त्रींनी बायकोला तिचं काम करताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

खोली लहान होती. मोठे साहेब चिडलेले, कारण सांगितलेला आकडा आता बदलणार होता. हसरा मात्र निवांत होता. साहेबांची सही होऊन करार त्याच्या पदरात पडला होता, त्याच्या कंपनीचं वर्ष संपलं होतं, त्याला आता कसलीच घाई नव्हती.

बाईंनी काही लपवलं नाही. सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "हा कराराचा भंग आहे. आमच्याकडून झालाय."

साहेब खुर्चीत सरकले. "मॅडम, हे असं कबूल करायचं नसतं."

"साहेब, त्यांच्या सर्व्हरवर सगळं दिसतं. आपण नाही म्हटलं तर त्यांना फक्त उशिरा कळेल."

हसरा पेन फिरवत म्हणाला, "मॅडम, तुमच्याबद्दल आदर आहे. पण नियम आहेत. खुणा खात्याबरोबर जातात. त्या हलवायच्या तर वेगळी सेवा लागते, वेगळे पैसे. आणि करार पुन्हा उघडायचा तर गेल्या वर्षाची सवलत मी देऊ शकत नाही."

"बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पडदा त्याच्याकडं वळवला. "आधी हे वाचा. आपण नंतर बोलू."

हसरा वाचायला लागला, आधी मनात, मग ओठ हलायला लागले. "'न्हाव्याच्या दुकानाखाली. दुकान बंद असेल तर मागच्या गल्लीत त्याचा भाऊ राहतो.' 'इथं दोन व्हॉल्व आहेत, कागदावर एकच आहे, कागद खोटा.' 'शाळा सुटायच्या वेळेला हा बंद करू नका, पोरं तहानलेली असतात.'" तो थांबला. मिस्त्रींकडं बघून म्हणाला, "हे सगळं तुम्ही लिहिलंत?"

"एका बोटानं," मिस्त्री म्हणाले.

"आमच्या सॉफ्टवेअरचा एवढा उपयोग केलेला मी कुठंच बघितला नाही."

"मग तुमचं सॉफ्टवेअर कामाचं आहे म्हणायचं," बाई म्हणाल्या. आणि गप्प झाल्या.

ती शांतता मिस्त्रींना ओळखीची वाटली. वाहिनी बंद केल्यावर दाब उतरेपर्यंत थांबायचं असतं, तोवर कुणी झाकणाला हात लावायचा नसतो. साहेबांनी दोनदा तोंड उघडलं, बाईंनी नुसता हात वर केला. बाहेर कुणीतरी जिन्यावरून बादली घेऊन उतरलं. शेवटी हसराच म्हणाला, "तुम्हाला काय हवंय, मॅडम?"

"तुम्हाला तीन वर्षं हवी होती. देते."

साहेब चमकले. मिस्त्रीसुद्धा चमकले. बाईंनी कुणाकडं बघितलं नाही.

"तीन वर्षं, एकाच भावानं, आणि भाव परवाचाच. पण लायसन्स माणसाच्या नावावर नको, गाडीच्या नावावर हवं. माणसं येतात, जातात; गाडी अंगणात असते. आणि खुणा आमच्या. आम्ही कधी तुम्हाला सोडून गेलो तर त्या सगळ्या जागेसकट, कुणालाही उघडता येतील अशा, आमच्या हातात द्यायच्या. मागचं जे झालं ते मिटलं, असं लिहून द्यायचं. आणि हलवायचे वेगळे पैसे नाहीत."

"मॅडम, एवढं सगळं..."

"तुमचं नवं वर्ष सुरू झालंय ना? पाटी कोरी आहे. पहिलाच करार तीन वर्षांचा घेऊन गेलात तर तुमचे साहेब काय म्हणतील?"

हसरा हसला. या वेळचं हसू वेगळं होतं, आतून आलेलं. तो फोन करायला बाहेर गेला. दाराच्या काचेतून त्याची पाठ दिसत होती, हात हलत होते. परत आला तेव्हा म्हणाला, "गाडीच्या नावाचं थोडं जास्त पडेल. बाकी मान्य."

"थोडं म्हणजे किती, ते आता बसून ठरवू," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. ते थोडं आणखी कमी व्हायला पुढं बराच वेळ गेला.

साहेब शेवटपर्यंत कुरकुरत होते. "संचालकांना मी काय सांगू? बचत कमी झाली."

"सांगा, बाईंनी नावं कापताना चूक केली, मग सुधारली," बाई म्हणाल्या. "आणि हेही सांगा, की त्या खुणा गेल्या असत्या तर एका फुटलेल्या वाहिनीत ती सगळी बचत वाहून गेली असती."

घरी जाताना दोघं चालत गेले. मिस्त्री म्हणाले, "तो निवांत बसला होता गं. मला वाटलं, आता घोडं अडलं."

"वर्ष संपताना त्यांना भूक असते," बाई म्हणाल्या, "आणि वर्ष सुरू होताना भीती असते. सगळं वर्ष रिकामं पुढं पडलेलं. माझं लक्ष भुकेवरच असायचं आजवर."

"पण तुझी ती एक वर्षाची टेक गेली."

"गेली," बाई म्हणाल्या. जरा पुढं गेल्यावर म्हणाल्या, "ती टेक कशासाठी होती? त्यांना सोडून जाता यावं म्हणून. आता आपलं आपल्याबरोबर नेता येतं, मग तीन वर्षं काय नि एक काय. तरी जरा टोचतंय, खोटं कशाला बोलू." मिस्त्रींनी बाईंच्या हातातली पिशवी स्वतःच्या हातात घेतली.

खुणा हलवल्या त्या दिवशी अंगणात सगळे जमले. मिस्त्री आले होते, वेल्डर होता, लांबोडा गाडीच्या टपाला टेकून उभा होता. बाई शेवटी आल्या. पडदा उघडला. वरच्या कोपऱ्यात जिथं आजवर मिस्त्रींचं नाव यायचं, तिथं गाडीचा नंबर आला. खाली एकेक खूण जागच्या जागी होती.

मिस्त्री बराच वेळ बघत राहिले. आपलं घर दुसऱ्याच्या नावावर झाल्यासारखं त्यांना क्षणभर वाटलं. मग लांबोड्यानं पुढं होऊन भट्टीसमोरच्या व्हॉल्ववर बोट ठेवलं आणि मिस्त्रींच्या ओळीखाली स्वतःची एक ओळ लिहिली: "दांडा बदललाय. आता जोर लावला तरि चालेल." मिस्त्रींनी ती वाचली.

"शुद्धलेखन सुधार," ते म्हणाले. आणि त्यांना एकदम हलकं वाटलं.

"वहिनी, चहा घेऊन जा," वेल्डर म्हणाला.

"नको रे. बिलाच्या खात्यानं काहीतरी नवीन मागवलंय. माझी वाट बघत असतील." त्यांनी पदर खोचला. नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "तुम्ही लगेच घरी येऊ नका. बसा इथंच जरा. नळाला विश्रांती द्या."

आणि त्या निघाल्या. अंगणात पसरलेले रबरी पाइप ओलांडत, पावडरच्या गोदामावरून, इमारतीच्या पायऱ्यांकडं. चाल नेहमीचीच, ना संथ ना घाईची. दारात एक जण फाईल घेऊन उभाच होता, तो त्यांच्याबरोबर बोलत बोलत आत वळला.

"मिस्त्री," लांबोडा हळूच म्हणाला, "त्या फाईलवाल्याचं काही खरं नाही."

मिस्त्री गाडीच्या पायरीवर बसले होते. ते दाराकडं बघत होते, टोळीही बघत होती, आणि आत जिना चढणारी ती पाठमोरी आकृती मधल्या खिडकीत एकदा दिसली, मग वरच्या खिडकीत एकदा.